कचेरीतील दूरध्वनीची वीज

तांब्याच्या तारेवरचा जुना दूरध्वनी कचेरीतील वीज गेली तरी चालू राही, कारण त्यास लागणारा 48 व्होल्टचा वीजपुरवठा दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांतून त्याच तारेने येत असे. इंटरनेटवरील दूरध्वनीस हा आश्रय उरलेला नाही. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर मजल मारली आणि महावितरणची उपकेंद्रे पाण्यात गेली, हे ज्यांनी पाहिले त्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतील पेढ्यांनी तरी यंत्राच्या रंगरूपाआधी विजेची तजवीज पाहावी.

इंटरनेटवरील एका संभाषणास प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे 87 किलोबिट पुरतात. सबब ‘मोठे कनेक्शन घ्या’ हा विक्रेत्यांचा उपदेश मला बहुधा निरर्थक वाटतो. खरी अडचण विलंबाची. तो एका दिशेने 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. परंतु कारकुनाने एखादी अवजड फाईल चढवावयास घेतली, की आवाजाची पुडकी तिच्यामागे तुंबून शब्द तुटू लागतात. महाद्वार रोडच्या गर्दीतून रुग्णवाहिकेस वाट द्यावी, तसा अग्रक्रम आवाजास देण्याची योजना राउटर व स्विच या दोहोंतही करून ठेवावी लागते.

नेटवर्कच्या केबलीतूनच वीज पुरविणारा स्विच (2003 च्या मानकाप्रमाणे दर जोडणीस 15.4 वॉटपर्यंत) घेतल्यास एकाच यूपीएसवर सारे दूरध्वनी तगतात. मात्र फायबरची पेटी आणि राउटर त्याच यूपीएसवर घेण्याचे लोक हटकून विसरतात! हा सारा सरंजाम वरच्या मजल्यावर मांडावा, आणि कचेरी बंद पडल्यास येणारे फोन मोबाईलवर वळविण्याची व्यवस्था सेवादात्याकडून आधीच करून घ्यावी.