भिंत पाडण्याआधी



तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं दोन कामांना जोर येतो, लग्नं आणि घरं. पाऊस थांबलेला असतो, सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात आणि घरी पाहुणे येणार असतात. गटाच्या बैठकीत कर्जमागणीच्या कारणात ‘घरदुरुस्ती’ हा शब्द याच दिवसांत सारखा येतो. आज त्याबद्दलच बोलू या. नवं घर बांधण्याबद्दल नाही, तर राहत्या घरात आपण जे फेरफार करतो त्यांबद्दल. मधली भिंत काढून बैठक मोठी करणं, नवी खिडकी काढणं, माळवद काढून स्लॅब टाकणं, मागं बाथरूम जोडणं, वर एक खोली चढवणं.

घरात भिंती दोन प्रकारच्या असतात. एक ओझं उचलणारी आणि दुसरी नुसती आडोशाची. आडोशाची भिंत काढली तर राडारोडा होतो, बाकी काही होत नाही. ओझ्याची भिंत काढली तर वरचं सगळं खाली यायला बघतं. ते लगेच येईल असंही नाही. दोन पावसाळे निघतील, आणि तिसऱ्या पावसात माती भिजून जड झाली की येईल. म्हणून ‘अमक्यानं पाडली, त्याला काही झालं नाही’ हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

मग ओळखायचं कसं? आपल्या जुन्या घरात हे सोपं आहे. खोलीच्या मधोमध उभं राहा आणि वर बघा. माळवदाच्या कड्या तुळईवर टेकलेल्या दिसतील. आता तुळईची दोन्ही टोकं कुठं जातात ते बघा. ती लाकडी खांबावर असतील तर ओझं खांबावर आहे. ती भिंतीत शिरत असतील तर ती भिंत ओझ्याची आहे. एकाच घरात पुढच्या खणात खांब आणि मागच्या खोलीत भिंत असंही असतं, म्हणून प्रत्येक खोलीत वेगळं बघायचं.

स्लॅबच्या घरात नुसतं बघून कळत नाही. कॉलम-बीमचा सांगाडा असेल तर मधल्या भिंती बहुधा आडोशाच्या असतात. पण खेड्यात पुष्कळ घरांना कॉलमच नसतात, स्लॅब सरळ विटांच्या भिंतीवर टेकलेला असतो. नऊ इंची भिंत असेल, तिला खाली स्वतःचा पाया असेल किंवा वरच्या मजल्यावर तिच्याच रेषेत दुसरी भिंत असेल, तर ती ओझ्याची समजा. साडेचार इंची भिंत म्हणजे आडोशाचीच, असंही नाही. शंका असेल तिथं इंजिनियरला घर दाखवा. आणि कॉलम किंवा बीम मात्र कुणीही, कशासाठीही फोडायचा नाही. नळाच्या पाइपासाठी नाही आणि वायरीच्या खाचेसाठीही नाही.

आपल्या भागातल्या दगडी भिंतीबद्दल थोडं जास्त सांगते. दोन-अडीच फूट जाड भिंत बघून आपल्याला वाटतं, ही काय पडते! पण ती एक भिंत नसते. आतलं एक तोंड, बाहेरचं एक तोंड, आणि मध्ये लहान दगड न् माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नसतो. मधल्या मातीत पाणी शिरलं की बाहेरचं तोंड सुटायला लागतं. गवंडी म्हणतात, भिंतीनं पोट काढलं. अशा भिंतीत पहार घालून खिडकी काढायची म्हणजे आतली माती मोकळी करून द्यायची. खिडकी काढायचीच असेल तर कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडा, कारण दोन भिंतींना एकमेकींचा आधार कोपऱ्यातच असतो. आणि वरची लिंटेल दोन्ही बाजूंना नीट आत टेकलेली हवी.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट लातूर-धाराशिवमधल्या मोठ्या माणसांना सांगावी लागत नाही. विसर्जनाची रात्र होती, लोक दमून झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक अशाच दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली गेली. त्यानंतर नवी गावं वसली हे सगळ्यांना आठवतं. पण उभ्या राहिलेल्या जुन्या घरांना बळकटी देण्याचं कामही तेव्हा मोठ्या प्रमाणावर झालं. भिंतीत आरपार दगड बसवले, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा पट्टा घातला, माळवदाची माती कमी केली. त्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ होत्या. घरोघरी जाऊन काय करायचं, कशासाठी करायचं हे त्यांनी समजून सांगितलं. तेव्हा ‘गवंड्याशी बोलणं हे बायांचं काम नाही’ असं कुणी म्हटलं, तर त्याला ही गोष्ट सांगा.

आता माळवद आणि स्लॅब. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती असेल तर ती शंभर घनफूट झाली. एका घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तरी साडेचार टन होतात. दरवर्षी पावसाआधी आपण नवी माती टाकतो, जुनी काढत नाही, म्हणून कुठं कुठं ती दीड-दोन फूट चढलेली असते. त्याच खोलीचा पाच इंची स्लॅब सुमारे तीन टनांचा होतो. म्हणजे स्लॅब हलका की! मग घोटाळा कुठं होतो? माळवदाचं ओझं खांबांनी उचललेलं असतं. स्लॅब टाकताना आपण खांब काढतो आणि सगळा भार मातीत रचलेल्या भिंतीवर देतो. त्या भिंतीचा माथा तेवढा पक्का नसतो. स्लॅबच हवा असेल तर त्याला स्वतःच्या पायातून आलेले कॉलम हवेत. तेवढा खर्च झेपत नसेल तर हलकं छप्पर बरं, लोखंडी अँगलवर नीट बांधलेले पत्रे. आणि माळवदच ठेवायचं असेल तर जुनी माती उतरवून आठ-नऊ इंचांवर आणा, मध्ये जाड प्लास्टिक घाला. उतरवताना दोन्हीकडून सारखी उतरवा, एका जागी ढीग करू नका.

आमच्या एका गटातल्या ताईंनी लेकीच्या लग्नाआधी बैठक मोठी करायला कर्ज मागितलं. मिस्त्री म्हणाला, दोन दिवसांत भिंत काढून देतो. ताईंनी त्याला एवढंच विचारलं, “वरच्या दोन तुळयांची टोकं ह्याच भिंतीत आहेत, ती कशावर ठेवणार?” तो वर बघून गप्प बसला. शेवटी भिंत राहिली. मधलं दार रुंद करायचं ठरलं, तेही तुळईच्या खालची जागा सोडून. लग्न अंगणात मांडव घालून झालं.

ओझ्याची भिंत काढायचीच असेल तर क्रम असा. आधी दोन्ही बाजूंना टेकू, आणि टेकूच्या बुडाशी जाड फळी, म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही. मग नवा बीम, तो पक्क्या खांबावर किंवा काँक्रीटच्या बैठकीवर. त्यानंतर भिंत, वरून खाली. काँक्रीटला पाणी मारायचं काम आपल्याकडंच येतं, तर ते दहा दिवसांच्या आत थांबवू नका, चौदा दिवस मारलं तर उत्तम. टेकू आणि सेंट्रिंग कधी काढायचं हे इंजिनियर सांगेल त्या तारखेला. ‘सेंट्रिंगचं भाडं चढतंय’ म्हणून लवकर काढायचं नाही.

मागं नवी खोली किंवा बाथरूम जोडताना काळ्या मातीची आठवण ठेवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. नवा पाया मुरुमापर्यंत न्या. जुनी भिंत बसून झालेली असते, नवी अजून बसायची असते. म्हणून दोन्ही एकमेकींत गुंतवू नका, मध्ये सांधा ठेवा, नाहीतर तिथंच चीर पडते. शोषखड्डा भिंतीला खेटून नको. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आतली ओल बाहेर निघत नाही, वरून भिंत चकाचक दिसते आणि आत मऊ होत जाते. वर खोली चढवायची असेल तर इंजिनियरनं खालचा पाया बघितल्याशिवाय एक वीटही ठेवू नका. शेजाऱ्याची न् आपली भिंत सामाईक असेल तर त्यांना आधी सांगा, ओझं त्यांचंही आहे.

चीर दिसली की लगेच बुजवायची घाई नको. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करा, तारीख लिहा. महिन्यानं चीर खुणेच्या पुढं गेली असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चालली असेल किंवा दार अडकायला लागलं असेल, तर घर काहीतरी सांगतंय.

शेवटी पैशाचं. कर्जाचा हप्ता फरशीचा असो की भिंतीचा, तेवढाच कष्टाचा असतो. आधी छप्पर आणि गळती, मग भिंत, मग फरशी आणि रंग. घरदुरुस्तीचं कर्ज मंजूर करताना गटातल्या दोघीजणी घर बघून येऊ द्या. त्यांनी पाच प्रश्न विचारायचे. वही-पेन घ्या, सांगते.

एक, ही भिंत काय उचलते?
दोन, ती काढल्यावर तेच ओझं कशावर जाणार?
तीन, नव्या कामाचा पाया कुठपर्यंत जाणार?
चार, काम चालू असताना घरातली माणसं कुठं झोपणार?
पाच, हे सगळं इंजिनियरनं घरी येऊन बघितलंय का?

चौथा प्रश्न विसरू नका. टेकू लावलेल्या खोलीत लेकरांना झोपवायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. पाचांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर काम आठ दिवस थांबवा. तेवढ्यानं लग्न अडत नाही.

येते मैत्रिणींनो. आज घरी गेलात की एकदा वर बघा.