डिस्कोप्रेमींनो, साल्सोल ऐकलंय का?

डिस्को म्हणजे नुसता झगमगाट, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या साल्सोल रेकॉर्ड्सची गाणी ऐकाच. केर बंधूंनी सत्तरच्या दशकात काढलेली ही कंपनी. व्हिन्सेंट मोंटाना यांनी फिलाडेल्फियाचे कसलेले वादक जमवून साल्सोल ऑर्केस्ट्रा उभा केला: व्हायोलिनचा ताफा, ब्रास, कोंगा आणि स्वतः मोंटाना व्हायब्राफोनवर. ड्रमवर अर्ल यंग. त्याची ती चुरचुरणारी हाय-हॅट हेडफोनवर ऐका, पाय आपोआप हलतो.

१९७६ मध्ये साल्सोलवर डबल एक्स्पोजर या गटाचं ‘टेन पर्सेंट’ आलं. डीजे वॉल्टर गिबन्सनं ते कापून-जोडून नऊ मिनिटांच्या पुढे नेलं. दुकानात विकायला आलेली ही पहिली बारा इंची सिंगल मानतात. मोठ्या तबकडीवर खाचा ऐसपैस, म्हणून बेस दणदणीत.

आणि साल्सोलची गायिका लोलिटा हॉलोवे! काय तो आवाज! तिचं १९८० चं ‘लव्ह सेन्सेशन’ १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स या गटानं ‘राइड ऑन टाइम’साठी उचललं. हे नवं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पण व्हिडिओत हॉलोवेच्या आवाजावर ओठ हलवत होती भलतीच मॉडेल. हा सरळसरळ अन्याय होता.

सुरुवात ‘टेन पर्सेंट’पासून करा. मात्र लांबलचक आवृत्तीच ऐका, छोटी नको.