गिटारचा आवाज आणि गाण्याचे शब्द

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात आमच्या कोथरूडच्या वस्तीतील एका मुलाने गायन पार्टीला गिटारची साथ दिली. मुलाचा हात तयार. पण समोर बसलेल्या आयाबायांना गाण्याचे शब्दच कळेनात. गिटारही नीट ऐकू येईना, म्हणून तो आवाज वाढवत राहिला. दुसऱ्या दिवशी बैठकीत सूचना आली, वर्गणी काढून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्कर काका म्हणाले, "यंत्र लहान नाही. बटणे चुकीची लावली आहेत."

त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बहुधा बास, मिड आणि ट्रेबल अशी तीन बटणे असतात. आत कपॅसिटर व रेझिस्टर असतात. कपॅसिटर बारीक, तीव्र आवाज सहज पुढे सोडतो आणि खर्ज अडवतो. कपॅसिटर जितका मोठा, तितका खालचा आवाजही त्यातून जातो. बटण फिरवले की कोणत्या वाटेने किती आवाज जाणार, हे ठरते.

सभेच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुष्कळदा पीटर बॅक्झँडॉल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली मांडलेली पद्धत असते. तिथे बटण मधोमध असले की आवाज आहे तसा राहतो. एका बाजूला फिरवले तर वाढतो, दुसरीकडे घटतो. फेंडर, मार्शल यांच्या यंत्रांमुळे रूढ झालेले गिटारचे सर्किट तसे नाही. ते काही वाढवत नाही, फक्त कमी-जास्त घटवते. तिन्ही बटणे मधोमध ठेवली तरी मधला आवाज दबलेलाच राहतो!

आमच्या मुलाने बास व ट्रेबल पूर्ण, तर मिड शून्यावर ठेवला होता. घरी एकट्याने वाजवताना हे गोड वाटते. पार्टीत मात्र गिटारचा खर्ज ढोलकीत मिसळतो. शब्दांतील स, त, क ही व्यंजने वरच्या, तीव्र पट्ट्यात ओळखू येतात. गिटारचा तीव्र आवाज नेमका त्यांवर चढतो.

काकांनी बास उतरवला, ट्रेबल थोडा कमी केला, मिड वाढवला आणि एकूण आवाज घटवला. गिटार स्पष्ट झाली. तालमीला बसलेली एक आजी म्हणाली, "आता कळतंय बाबा गाणं." वर्गणी वाचली.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींनी गाण्यातून विचार खेड्यापाड्यांत पोचवला. तो शब्दांच्या बळावर. शब्दच बुडाले तर कार्यक्रमाचे प्रयोजन काय?

तरुणांनी एक दक्षता घ्यावी. बटणे हवी तशी फिरवून पाहा, पण यंत्र उघडू नका. व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. शिकायचे असेल तर जाणकाराजवळ बसून शिका. आणि पुढच्या कार्यक्रमाआधी मैदानाच्या शेवटच्या टोकाला एखाद्या आजीला बसवा. तिला शब्द कळले, तर बटणे बरोबर लागली समजा.