आज फिल्म, उद्या डिजिटल : कॅमेरा घेताना भांडवल कशात गुंतवावे?

भांडवल वेगळे आणि चालू खर्च वेगळा, हे व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. कॅमेऱ्याच्या खरेदीत मात्र हाच विवेक अनेकदा सुटतो. फिल्म कॅमेऱ्याकडे तरुण पिढी पुन्हा वळू लागली आहे. अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला किंवा शाह डोंगरावरील सलाबतखानाची कबर, जिला सारे चांदबिबीचा महाल म्हणतात, अशा स्थळी छत्तीस चित्रांचा एक रोळ जपून वापरताना जी एकाग्रता लागते, ती मोबाईलवर सहसा साधत नाही. शिकण्यासाठी फिल्म उत्तमच; परंतु पुढे डिजिटलकडे जायचे असेल, तर त्याचा विचार पहिल्याच दिवशी व्हावा.

जैन घरांसाठी या विचारास आणखी एक कारण आहे. फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून तयार होते. रिचर्ड मॅडॉक्स यांनी 1871 साली जिलेटिनची पद्धत मांडल्यापासून तेच छायाचित्रणाचा आधार राहिले. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर असा थर नसतो. म्हणूनच फिल्म किती काळ व किती वापरावी, हा प्रश्न येथे केवळ खर्चाचा उरत नाही.

यातील चालू खर्च म्हणजे रोळ आणि त्याची धुलाई. बॉडीही आज ना उद्या बदलणार. टिकते ती लेन्स. आणि तिचे भवितव्य ठरवते तिला बॉडीशी जोडणारी कडी, म्हणजे माउंट. म्हणून आधी माउंट निवडावा, मग लेन्स, आणि शेवटी बॉडी.

कॅननने 1987 साली ईओएस मालिका आणताना जुना एफडी माउंट सोडून दिला. त्यामुळे एफडी लेन्स कितीही स्वस्त मिळाली, तरी ती कॅननच्या डिजिटल एसएलआरवर सरळ बसत नाही. याउलट ईएफ लेन्स ईओएसच्या फिल्म बॉडीवर चालते, डिजिटल एसएलआरवर चालते आणि अडॅप्टर लावून 2018 नंतरच्या आर मालिकेवरही ऑटोफोकससह चालते.

निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा आहे. तरी येथे बारकावे आहेत. ‘डी’ प्रकारच्या बहुतेक लेन्सला स्वतःची मोटर नसते. बॉडीत मोटर नसेल, तर फोकस हातानेच करावा लागतो. झेड मालिकेवर एफटीझेड अडॅप्टर लावूनही तेच. ‘जी’ लेन्सला छिद्र लहान-मोठे करणारी कडी नसते, म्हणून एफएम2 सारख्या जुन्या बॉडीवर ती नीट वापरता येत नाही. एफ80 किंवा एफ100 ही बॉडी आणि स्वतःची मोटर असलेली 50 मिमी ‘जी’ लेन्स, ही जोडी दोन्ही काळांत उपयोगी पडते. पेंटॅक्सचा के माउंट 1975 चा. त्याच्या जुन्या लेन्स कंपनीच्या डिजिटल एसएलआरवर बसतात, परंतु फोकस व प्रकाशमापन काहीसे हाताने करावे लागते.

आकाराचाही हिशेब पाहावा. फिल्मची चौकट 24 × 36 मिमी असते. लहान संवेदकाच्या डिजिटल बॉडीवर 50 मिमी लेन्सचे दृश्य फिल्मवरील 75 ते 80 मिमी लेन्सइतके अरुंद होते. घरातील समारंभात ते अपुरे पडू शकते. उलट, केवळ लहान संवेदकासाठी बनलेल्या ‘डीएक्स’ वा ‘ईएफ-एस’ लेन्स फिल्मसाठी घेऊ नयेत.

वापरलेला माल घेताना लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे तपासावे. शटर प्रत्येक वेगावर चालवून पाहावे. मागील झाकणाचा फोम चिकट झाला असेल, तर प्रकाश आत शिरतो. नगरची पर्जन्यछायेतील कोरडी हवा लेन्सला मानवते. परंतु ओल धरणाऱ्या चामड्याच्या केसमध्ये ती ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबा पुरेसा आहे.

या क्रमाने खरेदी झाली, तर फिल्म थांबवण्याचा दिवस नुकसानीचा ठरत नाही. बॉडी तेवढी बदलते; लेन्स आणि हाताला लागलेली शिस्त घरातच राहते.