पूर्ववृत्ताची पडताळणी आणि कायदा

कामावर घ्यावयाच्या माणसाचे पूर्ववृत्त जाणून घेण्याचा नियोक्त्याला हक्क आहे, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते. पण या हक्काची मर्यादा कोठवर, हा प्रश्न तितकासा सोपा नाही. जयपूर येथे मुख्यालय असलेल्या राजस्थान राज्य विद्युत प्रसारण निगमातील एका प्रकरणावरून तो स्पष्ट होतो.

निगमात तांत्रिक मदतनीसाच्या जागेसाठी एका उमेदवाराने अर्ज केला व आपणास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, असे लिहून दिले. पुढे पोलीस पडताळणीत वेगळेच आढळले. वाट अडविणे व दुखापत करणे या अपराधांबद्दल २०१३ मध्ये न्यायालयाने त्यास दोषी ठरविले होते. निगमाने त्याची सेवा समाप्त केली. दरम्यान सत्र न्यायालयाने त्यास अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ चा लाभ दिला. या कलमान्वये दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने कामगाराच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १७ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. गुन्हा किरकोळ होता की नाही, हा मुद्दा नसून प्रारंभीच खोटे निवेदन करणाऱ्यावर विश्वास ठेवावा काय, हा खरा मुद्दा होय, असे न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ नियोक्त्याला मोकळे रान मिळाले, असा मात्र नव्हे. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काही दंडक घालून दिले होते. नमुन्यात जे स्पष्टपणे विचारलेलेच नाही, ते न सांगितल्याचा ठपका उमेदवारावर ठेवता येत नाही. अपराध क्षुल्लक असल्यास नियोक्ता तो दृष्टीआड करू शकतो. कायम झालेल्या कर्मचाऱ्यास चौकशीवाचून काढता येत नाही. उलटपक्षी, खरे सांगितले म्हणजे नेमणूक मिळालीच पाहिजे, असेही नाही. केवळ माहिती दडविली एवढ्यावरून मनमानीने बडतर्फी करता येणार नाही, हे न्यायालयाने २०२२ मध्ये पवन कुमार प्रकरणात पुन्हा सांगितले.

हे दंडक मुख्यतः सरकारी सेवेच्या प्रकरणांतून घडले. खाजगी क्षेत्रात कराराच्या अटींना महत्त्व असते. तथापि २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संसदेने संमत केला. तेव्हा कामाशी संबंध नसलेली माहिती गोळा करण्यापूर्वी नियोक्त्याने विचार करावयास हवा. आणि स्पष्ट विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देण्यातच उमेदवाराचे हित आहे.