ग्रामसभेत आपले कोण ऐकते?



पाड्यांना भेट देऊन परतलेल्या मंडळींपैकी अनेकांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. "हे लोक निवडणुकीला उन्हातान्हात रांगा लावतात, मग ग्रामसभेला का फिरकत नाहीत? आपल्याच गावाबद्दल त्यांना काही वाटत नाही का?" प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे वाटले. कोणत्या पक्षाचे बरे आणि कोणाचे वाईट, हा या लेखाचा विषय नाही. नळ कोणत्या आळीला येणार, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव लागणार आणि तेंदूपानांचा पैसा कोणाच्या हाती जाणार, हे जिथे ठरते त्या गावपातळीच्या राजकारणाबद्दल मी लिहीत आहे.

दोन साधे प्रश्न

राजकारणात आपले काही चालते, असे माणसाला केव्हा वाटते? १९५० च्या दशकात अमेरिकेतील निवडणुकांच्या अभ्यासकांनी या भावनेचा अभ्यास सुरू केला. पुढच्या संशोधकांनी तिचे दोन भाग पाडले. पहिला भाग माणसाच्या स्वतःबद्दलचा आहे : हा कारभार मला समजतो का, मला चार लोकांत बोलता येते का? दुसरा समोरच्याबद्दलचा : मी बोललो तर कारभारी ऐकून घेतात का, माझ्या बोलण्याने काही बदलते का?

हे दोन भाग वेगळे ठेवले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. आपण शिबिरे घेतो, पत्रके वाटतो, कायदा समजावून सांगतो. त्यातून पहिला भाग वाढतो. पण शिबिरातून शिकून आलेला तरुण सभेत उभा राहिला आणि त्याला "बस खाली" असे ऐकावे लागले, तर दुसरा भाग तिथेच खचतो. असा तरुण पुढच्या वेळी येत नाही. त्याला कमी कळते म्हणून नव्हे, तर त्याला आता जास्त कळलेले असते म्हणून.

"आमचं कोण ऐकतंय?" हे वाक्य मी पाड्यापाड्यांवर ऐकले आहे. त्याला आपण उदासीनता म्हणतो. मला तो अनुभवातून काढलेला निष्कर्ष वाटतो. दिल्ली आणि मुंबई लांब आहेत. सरकार म्हणजे काय, याचा धडा पाड्यावरच्या माणसाला ग्रामपंचायतीच्या कचेरीतच मिळतो. तिथे जे शिकायला मिळाले, तेच तो सगळ्या राजकारणाबद्दल धरून चालतो.

सभा गावठाणात, पाडा डोंगरात

आदिवासी भागात अनेक ठिकाणी गट ग्रामपंचायत असते. एक मुख्य गाव आणि त्याला जोडलेले अनेक पाडे. सभा मुख्य गावात होते. लांबच्या पाड्यावरून यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. दवंडी पाड्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. सभेत ग्रामपंचायत अधिकारी जे वाचतात ती कागदोपत्री मराठी असते, आणि ऐकणाऱ्यांच्या घरात वारली, भिली, कोरकू किंवा माडिया बोलली जाते. बायका मागे भिंतीला टेकून बसतात.

त्यात गणपूर्तीचा नियम पाहा. साध्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल, तितकी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी लोक आले नाहीत, तर दुसऱ्या वेळी मूठभर माणसांनी केलेला ठरावही सगळ्या गावाचा ठराव ठरतो. पाड्यावरचा माणूस हे पाहतो. आपण गेलो काय आणि न गेलो काय, वहीत जे लिहायचे ते लिहिले जाते, असे त्याला वाटू लागते.

मग तो काय करतो? तो सभेला जाण्याऐवजी एखाद्या वजनदार माणसाच्या ओट्यावर जातो. "भाऊ, आमच्या नावाचं बघा." काम कधी होते, कधी होत नाही. पण झाले तरी ते भाऊंच्या कृपेने झाले, हक्काने नव्हे, हे त्याच्या मनात पक्के बसते. मतदानाला लागणारी लांब रांग आणि ग्रामसभेतील रिकामी सतरंजी यांचा उलगडा इथे होतो. मत दिले की भाऊ ओळख ठेवतात. सभेत बोलले की वैर येते.

कायद्याने काय दिले

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. ती पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांना आपोआप लागू नव्हती. त्या क्षेत्रांचा विचार करण्यासाठी दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी आपण ज्याला 'पेसा' म्हणतो तो कायदा आला. महाराष्ट्रात पालघर, नाशिक, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांच्या काही भागांत अनुसूचित क्षेत्र आहे. राज्याचे पेसा नियम मात्र २०१४ साली आले.

पेसातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गावाची व्याख्या. महसुली दप्तरातील गाव हेच गाव असे हा कायदा मानत नाही. आपल्या रीतिरिवाजाप्रमाणे आपले व्यवहार चालवणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव. त्यामुळे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते आणि स्वतःची ग्रामसभा भरवता येते. योजना मंजूर करणे, लाभार्थी निवडणे, खर्च झालेल्या पैशाचा दाखला देणे, गौण वनोपज, दारू, सावकारी आणि जमिनीचे बेकायदा हस्तांतरण यांवर लक्ष ठेवणे, अशी कामे या कायद्यात आहेत. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना लोकसंख्येनुसार मिळू लागला. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने यात भर घातली. त्याच्या २०१२ मधील सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. वरच्या १५ टक्क्यांच्या नियमाशेजारी हा नियम ठेवून पाहा. एक नियम लोक आले नाहीत तरी काम पुढे रेटतो. दुसरा लोक येईपर्यंत थांबतो.

मेंढा काय सांगते

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. तेही लेखा या गट ग्रामपंचायतीतील एक वस्तीच होते. १९८० च्या दशकात त्या भागात मोठ्या धरणांविरुद्ध चळवळ झाली, आणि तिच्यातून गावाने स्वतःकडे पाहायला सुरुवात केली. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा पुढे सर्वदूर गेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्या कामातील परिचित नावे.

मेंढ्याच्या दोन रीती मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाचेही मन तयार नसेल तर विषय पुढच्या सभेला जातो. याला वेळ लागतो, पण शेवटच्या माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय सभेला पुढे जाताच येत नाही. दुसरी रीत म्हणजे अभ्यासगट. निर्णय घेण्याची जागा ग्रामसभा, आणि समजून घेण्याची जागा अभ्यासगट. मघाच्या दोन प्रश्नांशी हे ताडून पाहा. अभ्यासगटाने "मला कळते" ही भावना वाढली, सहमतीने "माझे ऐकतात" ही.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हाती आला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. त्यासाठी गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या गावाला अनेक वर्षे छोट्याछोट्या गोष्टींत आपले म्हणणे चालते असा अनुभव होता, तेच गाव मोठ्या गोष्टीसाठी दोन वर्षे टिकून राहू शकले.

ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरातही हेच दिसले. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांकडे सोपवला. १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. पुढच्या वर्षी केंद्राने प्रकल्पाला परवानगी नाकारली. डोंगरिया कोंध या लहान समाजाच्या शब्दाला देशाच्या राजधानीत वजन आले.

'बिनविरोध' या शब्दाचे दोन अर्थ

इथे एक सावधगिरी हवी. मतदान झाले नाही म्हणजे गावात एकी आहे, असे नसते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली, कारण पदांसाठी जाहीर बोली लागल्याचे समोर आले होते. बोलीचा पैसा देवळाला किंवा गावकामाला जाणार, असे म्हटले जाते. पण ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नाही, त्याने त्यातून काय शिकावे? वरून पाहता मेंढ्याची सहमती आणि बोलीचे बिनविरोध सारखेच दिसते. फरक एवढाच की एका ठिकाणी सर्वांत गरीब माणूस निर्णय थांबवू शकतो, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला कोणी विचारतही नाही.

बायकांचा आवाज

पेसा क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते, आणि महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. "खुर्चीवर बाई, कारभार नवऱ्याचा" असे आपण ऐकतो, आणि काही ठिकाणी ते खरेही असते. तरी राखीव जागांचा परिणाम होतो. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायती पाहिल्या. जिथे स्त्री प्रमुख होती तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झाले, आणि बंगालमध्ये गावातील बायका पंचायतीकडे मागण्या घेऊन जास्त प्रमाणात गेल्या. समोर बसणारी व्यक्ती आपल्यासारखी असली की बोलण्याची हिंमत येते.

आपल्याकडील 'आडवी बाटली'चे मतदान हे दुसरे उदाहरण. गावातील दारू दुकान बंद करण्यासाठी स्त्री मतदारांचे गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होते. यात प्रश्न एकच, उत्तर गुप्त आणि निकाल डोळ्यांसमोर. ज्या बायकांनी असे दुकान बंद करून दाखवले, त्या पुढे रेशनच्या मापाबद्दलही विचारायला कचरत नाहीत.

आपल्यासाठी तीन सूचना

हे सारे आपल्यालाही लागू आहे. देणगीदाराने ठरवले म्हणून आपण पाड्यावर हातपंप बसवला, तर पाणी मिळते, पण निर्णय बाहेरूनच येतो हा जुना धडाही पुन्हा दिला जातो. आपणही नकळत एक 'भाऊ' होऊन बसतो.

म्हणून पहिली सूचना : मदतीचे काम ठरवण्यापूर्वी पाड्याच्या सभेत, त्यांच्या बोलीत चर्चा होऊ द्या. यादी त्यांनी करावी, आपण नव्हे. त्यांनी आपली कल्पना नाकारली तर ती नाकारण्याची मुभा त्यांना खरोखर असू द्या.

दुसरी : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे नेहमीचे दिवस आहेत. त्या दिवशी आपला कार्यक्रम, शिबिर किंवा वाटप ठेवून लोकांना सभेपासून दूर ओढू नका.

तिसरी : सभा संपल्यावर ठरावाची वही मोठ्याने वाचून घेण्याची सवय लोकांत रुजू द्या, आणि नंतर ठरावाची नक्कल मागायला त्यांच्यासोबत जा. अर्ज त्यांनी लिहावा, सही त्यांची असावी. लहान मागणीपासून सुरुवात करावी : एक दिवा, एक मोरी, अंगणवाडीची गळती. आपण बोललो, ते वहीत आले आणि ते झाले, हा अनुभव माणसाला एकदा आला की पुढच्या सभेला त्याला बोलवायला जावे लागत नाही.