खडकाळ सागरकिनाऱ्यांवरील प्लॅस्टिक प्रदूषण

समुद्रातून वाहत आलेल्या किंवा जमिनीवरून टाकल्या गेलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तू, त्यांचे तुकडे व सूक्ष्म कण खडकाळ किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या पट्ट्यात साचल्यामुळे तेथील जीवसृष्टीला आणि तीवर उपजीविका करणाऱ्यांना होणारा उपद्रव. पुळणीवरचा कचरा सहज नजरेस येतो व गोळाही करता येतो. खडकांच्या सापटींतील कचरा फारसा दिसत नाही आणि निघतही नाही. त्यामुळे या प्रदूषणाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले.

महाराष्ट्राचा सु. ७२० किमी. लांबीचा मानला जाणारा किनारा सलग पुळणींचा नाही. समुद्रात घुसलेली खडकाळ टोके व त्यांच्यामधील लहानमोठ्या पुळणी अशी त्याची रचना आहे. मुंबईत कुलाबा, मलबार हिल, हाजी अली, वरळी व वांद्रे येथे, तसेच रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे बेसाल्टाचे लाटांनी झिजलेले मंच आहेत. दक्षिणेस रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्याचे कडे व त्यांच्या पायथ्याशी कोसळलेल्या शिळा आढळतात. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सु. ५ मी. फरक पडतो, दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. पाण्याखाली राहण्याच्या कालावधीनुसार या खडकांवर सजीवांचे पट्टे बनतात. सर्वांत वर लहान सागरी गोगलगायी, त्याखाली बार्नेकल व कालवे आणि सर्वांत खाली शैवले, समुद्रपुष्पे व झोअँथस यांची वस्ती असते. ओहोटीनंतर खळग्यांत उरणाऱ्या पाण्यात खेकडे, शंख व लहान मासे आश्रय घेतात. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराच्या कडेलाही ही सृष्टी टिकून आहे, हे ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या नागरिकांच्या उपक्रमाने केलेल्या नोंदींवरून स्पष्ट झाले आहे.

प्लॅस्टिकची समुद्रातील गती त्याच्या घनतेवर अवलंबून असते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगतात. नायलॉन, पीव्हीसी व पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी जड असल्याने बुडतात. (बूच लावलेली रिकामी बाटली मात्र आतील हवेमुळे दूरवर तरंगत जाते.) पुळणीवर आलेली वस्तू पुढच्या भरतीला परत जाते किंवा वाळूत पुरली जाते. खडकांवर तसे होत नाही. लाट आपटताना जो जोर असतो तो परतताना उरत नाही. त्यामुळे सापटीत ठोसली गेलेली पिशवी तेथेच राहते आणि कालवांच्या धारदार कडांत अडकलेले जाळे प्रत्येक लाटेबरोबर अधिकच गुंतत जाते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात लाटा सर्वांत उंच असतात व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो. त्यामुळे एका गावाच्या खडकांवर सापडणारा कचरा त्याच गावाचा असतोच असे नाही, आणि त्याबद्दल त्या गावाला दोष देणेही योग्य नाही.

अडकून पडलेल्या प्लॅस्टिकवर उन्हातील जंबुपार किरणांची क्रिया होते. ऑक्सिडीभवनामुळे त्यातील लांब रेणुशृंखला तुटतात व ते ठिसूळ बनते. काळा बेसाल्ट उन्हात चांगलाच तापत असल्याने ही क्रिया वेगाने होते. अशा ठिसूळ प्लॅस्टिकवर लाटा व खडक मिळून जात्याचे काम करतात. परिणामी ५ मिमी.पेक्षा लहान कण, म्हणजे सूक्ष्मप्लॅस्टिक, तयार होतात. या संज्ञेला आजचा अर्थ रिचर्ड टॉमसन व त्यांचे सहकारी यांच्या २००४ मधील निबंधामुळे मिळाला. सजीवही हे काम करतात. किनाऱ्यावर राहणारे ॲम्फिपॉड गटातील लहान कवचधारी प्राणी प्लॅस्टिकची पिशवी कुरतडतात. एका पिशवीचे अशा रीतीने सु. साडेसतरा लाख सूक्ष्म तुकडे होऊ शकतात, असा अंदाज ब्रिटनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. मुंबईच्या जुहू, वर्सोवा, आक्सा व दादर या पुळणींवरील पाहणीत (२०१३ मध्ये प्रसिद्ध) दर चौ.मी.ला सरासरी सु. ६९ प्लॅस्टिकचे तुकडे आढळले होते. शेजारच्या खडकांना वेढणारे पाणी हेच आहे.

खडक व प्लॅस्टिक यांच्या संयोगातून काही नवे पदार्थही बनू लागले आहेत. हवाई बेटांच्या कामिलो किनाऱ्यावर, शेकोटीत वितळलेल्या प्लॅस्टिकने वाळू, प्रवाळ व दगड एकत्र सांधून बनलेले पिंड आढळले. २०१४ मध्ये त्यांना ‘प्लॅस्टिग्लोमरेट’ हे नाव देण्यात आले. अटलांटिकमधील मदीरा बेटावर खडकावर घासून चिकटलेल्या प्लॅस्टिकची पातळ पुटे आढळली. त्यांचे ‘प्लॅस्टिक्रस्ट’ म्हणून वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. खडकावरील शैवल खरवडून खाणाऱ्या गोगलगायी उघड्या खडकाप्रमाणेच या पुटांवरही वावरताना दिसल्या, ही बाब विशेष चिंतेची आहे. कारण त्या अन्नाबरोबर प्लॅस्टिकही गिळत असण्याची शक्यता त्यातून दिसते.

सजीवांवरील परिणाम अनेक प्रकारचे आहेत. खडकावर पसरलेली पिशवी किंवा जाळे खालील शैवलांचा प्रकाश अडविते आणि लाटांबरोबर घासून बार्नेकल व कोवळी कालवे उखडून काढते. शिंपले व कालवे हे प्राणी पाणी गाळून अन्न मिळवितात. त्यामुळे पाण्यातील सूक्ष्म कण त्यांच्या शरीरात जातात. प्रयोगशाळेत निळ्या शिंपल्याने घेतलेले कण पचनमार्गातून रुधिराभिसरणात गेले व तेथे ४८ दिवसांहून अधिक काळ टिकले, असे २००८ मध्ये दिसून आले. तरंगते प्लॅस्टिक हे परक्या जातींचे वाहनही ठरते. जपानमधील २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलेल्या वस्तूंबरोबर २८९ जपानी जाती पुढील सहा वर्षांत उत्तर अमेरिका व हवाईच्या किनाऱ्यांवर जिवंत पोहोचल्याची नोंद आहे. या वस्तूंत प्लॅस्टिकचे प्रमाण मोठे होते. लाकूड समुद्रात लवकर कुजते, प्लॅस्टिक तसे कुजत नाही.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडपांवरील कालवे टोकदार हत्याराने फोडून गोळा करणे हे मुख्यतः स्त्रियांचे काम आहे. त्यातून घरचे कालवण होते व उरलेले मांस बाजारात विकले जाते. माशाचे आतडे स्वयंपाकापूर्वी काढून टाकले जाते. कालव मात्र संपूर्ण खाल्ले जाते. म्हणून सूक्ष्मप्लॅस्टिकचा प्रश्न येथे थेट ताटापर्यंत पोहोचतो. त्याचा मानवी आरोग्यावर नेमका किती परिणाम होतो, याविषयी संशोधन चालू आहे.

या प्लॅस्टिकचे उगम मुख्यतः तीन आहेत. शहरांतील नाले व खाड्या हा पहिला. निर्माल्य पिशवीसह पाण्यात सोडण्याची सवय यातच येते. दुसरा उगम मासेमारी. पूर्वीची जाळी सुती किंवा सणाच्या धाग्याची असत व टाकल्यावर कुजून जात. नायलॉनची जाळी, पॉलिप्रोपिलीनचे दोर व थर्मोकोलचे तरंगते यांनी त्यांची जागा घेतली. तिसरा उगम जहाजांचे अपघात. श्रीलंकेजवळ २०२१ मध्ये बुडालेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजातून सु. १,६८० टन प्लॅस्टिकच्या गोळ्या समुद्रात गेल्या. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाल्यावर तेथील किनाऱ्यावरही अशा गोळ्यांचे थर साचले. मसुराएवढ्या या गोळ्या खडकांच्या भेगांत शिरल्या, की त्या वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते.

समुद्रापासून दूरचे प्रदेशही या साखळीबाहेर नाहीत. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील पाणी पूर्णेमार्गे तापीला मिळून अरबी समुद्राला, तर दक्षिण भागातील पैनगंगेमार्गे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावाच्या नाल्यात पडलेली पिशवी, कीटकनाशकाची बाटली किंवा ठिबक सिंचनाच्या नळीचा तुकडा यांना तत्त्वतः समुद्राची वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक भाग नदीकाठची झुडुपे, बंधारे व हतनूर, उकई, इसापूर यांसारखी धरणे यांत अडकतो आणि पुराच्या वेळी पुढे सरकतो. कोकणातील आखूड व वेगवान नद्यांवर असे अडथळे कमी असल्याने त्यांचा कचरा एकाच पावसाळ्यात खाडीत पोहोचू शकतो.

जहाजांवरून प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास ‘मार्पोल’ कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून बंदी आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी झालेल्या अतिवृष्टीत पिशव्यांनी गटारे तुंबल्यावर महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांविरुद्ध नियम केले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक वस्तूंवर देशभर बंदी आहे. ‘मार्पोल’ वगळता हे नियम पिशवी, पेला व वेष्टन यांना समोर ठेवून केलेले आहेत. खडकांत सर्वाधिक गुंतणारे दोर व जाळी त्यांच्या कक्षेत जवळजवळ येतच नाहीत. केरळमध्ये २०१७ मध्ये नींदकरा बंदरात सुरू झालेल्या ‘शुचित्व सागरम्’ उपक्रमात मच्छीमार जाळ्यात आलेले प्लॅस्टिक किनाऱ्यावर आणतात व ते रस्त्याच्या डांबरात वापरले जाते. बंदीपेक्षा असा उपाय कोकणातील बंदरांना अधिक लागू पडेल.

खडकांवर यंत्रे चालत नाहीत. सफाई हातानेच व उधाणाच्या ओहोटीला मिळणाऱ्या दोन-तीन तासांतच करावी लागते. पावसाळा संपताच ती केली असता नव्याने आलेला कचरा झिजून बारीक होण्यापूर्वी निघतो. रुतलेले जाळे ओढून काढल्यास त्याबरोबर कालवे व शैवलेही उखडतात, म्हणून ते कात्रीने तुकड्या-तुकड्यांनी कापावे लागते. कालवांच्या वाढीत पुरता गाडला गेलेला दोर तेथेच सोडून त्याची मोकळी टोके तेवढी कापणे हितावह असते. कचऱ्यासाठी उलटविलेला दगड पूर्वीच्याच बाजूवर परत ठेवावा लागतो. कारण त्याच्या खालच्या सावलीत राहणारे प्राणी उन्हात फार काळ तग धरत नाहीत.